पुण्यातल्या जुन्या वाड्याचा चौक: त्याचा इतिहास कोणत्या क्रमाने शोधायचा

“आमच्या वाड्याचं नाव पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या काळातल्या सरकारी कागदांत, सापडेल का?” वाड्याचा इतिहास शोधायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न घेऊन येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. वाड्याचं नाव मालकागणिक बदलतं. आज एका आडनावाने ओळखला जाणारा वाडा दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्याच आडनावाचा असतो, आणि एकाच आडनावाचे वाडे एकेका पेठेत तीन-चार निघतात. नाव धरून एकदम दोनशे वर्षं मागे उडी मारली की कागद मिळतो, पण भलत्याच वाड्याचा.

ही चूक मी केली आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यासाठी चार महिने मोडी लिपीतले कागद वाचून घेतले. आडनाव जुळत होतं, पेठ जुळत होती. शेवटी चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते, पडताळायला बसलो तेव्हा दिसलं की कागदातल्या घराच्या दक्षिणेस सरकारी रस्ता आहे. आमच्या वाड्याच्या दक्षिणेला शेजारच्या वाड्याची सामाईक भिंत होती, आणि ती भिंत वाड्याइतकीच जुनी होती. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: आजच्या नंबरापासून सुरुवात, मग चौक, मग माणसं, मग कागद, आणि कागदही नव्याकडून जुन्याकडे. पायरी गाळायची नाही. खालची उदाहरणं पुण्यातल्या पेठांमधली आहेत, कारण कागदपत्रांची व्यवस्था गावागणिक बदलते.

आधीची तयारी

पहिली गोष्ट परवानगी. मालकाची घ्याच, पण बिऱ्हाडकरूंचीही घ्या. पेठांमधल्या बऱ्याच वाड्यांवर भाड्याचे दावे चालू असतात, कुठे पुनर्विकासाची बोलणी अडलेली असतात. अशा चौकात टेप घेऊन उभा राहिलेला अनोळखी माणूस बिल्डरचाच असणार, असं लोक धरून चालतात. त्यांचं चुकत नाही. आपण कोण, कशासाठी आलो, मोजमाप कुणाला देणार नाही, हे चार ओळींत लिहून खाली नाव आणि फोन नंबर घालून प्रत्येक बिऱ्हाडाला एक प्रत द्या. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी वेगळंच होऊन फिरतं.

सोबत पंधरा मीटरचा टेप, आलेख कागद, पेन्सिल, बॅटरी आणि एक जाड वही ठेवा. वहीचा नियम आजच ठरवा: उजव्या पानावर डोळ्यांनी पाहिलेलं, डाव्या पानावर कानांनी ऐकलेलं. दोन्ही एका पानावर आलं की सहा महिन्यांनी कुठलं कुठलं ते तुम्हालाच सांगता येत नाही.

सावधान: पावसाळ्यात मोजणीला जाऊ नका. भिजलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि कुजलेल्या तुळया यांचा भरवसा नसतो. महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस दिलेल्या वाड्यात वरच्या मजल्यावर मुळीच चढू नका. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या, जमिनीवर चालायची वेळ आलीच तर भिंतीच्या कडेकडेने चाला.

१. जागा नंबराने बांधून घ्या

पेठेतल्या एका वाड्याला निदान तीन नंबर असतात, आणि लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पहिला पत्त्यातला घर क्रमांक, जो पोस्टमनला कळतो. दुसरा नगर भूमापनाचा, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, ज्यावर मिळकत पत्रिका निघते. तिसरा महापालिकेच्या मिळकत कराचा खाते क्रमांक. पत्त्यातला नंबर घेऊन भूमापन कार्यालयात गेलात तर तुम्हाला पत्रिका मिळेल, अगदी शिक्क्यानिशी मिळेल, फक्त ती चार गल्ल्या पलीकडच्या घराची असेल.

तिन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घर क्रमांकात जुना आणि नवा असे दोन प्रकार आढळले तर दोन्ही लिहा. मग नगर भूमापनाच्या नकाशात आपला नंबर शोधा आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांचे नंबरही टिपा. पुढे जुन्या कागदातली चतुःसीमा ओळखायला हेच शेजारी उपयोगी पडतात.

नंबराचे तुकडे पडलेत का तेही पाहा. एका नंबराचे पोटनंबर झाले असतील तर वाडा कधीतरी वाटला गेला आहे. कित्येकदा चौकाच्या मधोमध उभी राहिलेली आडवी भिंत आणि नकाशातली पोटनंबराची रेघ एकच असते.

तपासून घ्या: वाड्याच्या दारात उभं राहून नकाशा हातात धरा. उजवीकडचा, डावीकडचा आणि मागचा शेजारी नकाशातल्या नंबराशी जुळतो का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. चौक वाचा, कुणाचं काही ऐकण्याआधी

लोक घाई करतात ती इथे. चौकात पाऊल टाकतात, समोर एखादे आजोबा बसलेले असतात, ते सांगू लागतात आणि आपण लिहू लागतो. मग प्रत्येक खांब त्या गोष्टीतलाच वाटायला लागतो. आजोबांना नमस्कार करा, “आधी मोजून घेतो, मग निवांत बसतो तुमच्यापाशी” म्हणा, आणि खरोखरच आधी मोजा.

चौकाच्या चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसले तर चौक काटकोनात नाही. तसं असणं नवलाचं नाही, पण एका कोपऱ्यातला फरक बराच मोठा असेल तर तिथली भिंत नंतर हललेली असू शकते.

मग खांबांमधली अंतरं घ्या. जुने कागद वाड्याचं माप खणात सांगतात: इतक्या खणांचा सोपा, इतक्या खणांची पडवी. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि प्रत्येक खणाचं माप वेगळं लिहा, सरासरी काढू नका. एका बाजूचे खण सारखे आणि दुसऱ्या बाजूचे वेगळे निघाले तर त्या दोन बाजू एका वेळी बांधलेल्या नसाव्यात. वर गच्च रंग असतो, गिलावा असतो, पण खणाचं माप कुणी रंगवून बदलू शकत नाही.

आता खांबांकडे जवळून पाहा. वर निमुळते होत गेलेले सुरूच्या आकाराचे खांब आणि माथ्याशी लोंबणारं कोरीव केळफूल दिसलं की लोक लगेच ‘पेशवाईतला वाडा’ म्हणून मोकळे होतात. खांब पेशवाईतला असेलही. वाडा असेलच असं नाही. मोडलेल्या वाड्याचं सागवान वाया जात नसे, ते विकलं जाई आणि दुसऱ्या घरात उभं राही. म्हणून बॅटरीचा उजेड तिरका पाडून खांबाच्या चारी अंगांवर रिकाम्या खाचा शोधा. आज जिथे काहीच येऊन मिळत नाही अशा उंचीवर चौकोनी खाच दिसली, तर तो खांब याआधी दुसरीकडे कुठेतरी तुळई पेलत होता.

तारखेचा अंदाज देणाऱ्या काही वस्तू चौकात हमखास सापडतात. त्या वाड्याची तारीख सांगत नाहीत, त्या दुरुस्तीची सांगतात. हा फरक विसरू नका.

छपरावर मंगलोरी कौलं असतील तर एखादं निखळलेलं कौल उलटं करून पाहा. खालच्या अंगाला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशनचा पहिला कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे हे छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. वाडा मात्र असू शकतो.

चौकात शहाबादी फरशी असेल तर ती मूळची समजू नका. शहाबाद गुलबर्ग्याकडे आहे. पुण्याहून तिकडे जाणारी रेल्वे रायचूरपर्यंत पोचली १८७१ मध्ये, आणि त्यानंतरच हा दगड इतक्या लांब सहजी येऊ लागला. एखादी फरशी आधीच हलत असेल तर मालकाला विचारून तिच्याखाली डोकवा. घडीव काळा दगड दिसला तर तो जुना चौक.

लोखंडी तुळईवर ‘टाटा’ अशी अक्षरं उठवलेली दिसली तर ती १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी निघायला लागलं. भिंतीचा गिलावा उडालेला असेल तिथे सलग दहा विटांची जाडी मोजा. पातळ विटांच्या थरांवर एकाएकी आजच्या जाडीच्या विटा सुरू झाल्या, तर त्या रेषेपासून वरचं बांधकाम नंतरचं आहे.

पाण्याकडे विशेष लक्ष द्या. चौकात आड आहे की हौद, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आडाला पाणी जमिनीतून येतं. हौदाला ते बाहेरून आणावं लागतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणलं, आणि पुढे चौधरी, रास्ते आणि नाना फडणवीस यांचेही स्वतंत्र नळ झाले. तुमच्या चौकातल्या हौदाला आत येणारी दगडी किंवा खापरी नळी दिसली, तर ती कोणत्या बाजूने येते ते होकायंत्राने टिपून ठेवा. खासगी हौदाला शहराच्या नळाचं पाणी मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. मूळ मालकाचं वजन काय होतं, याचा तो धागा आहे.

आणि भुयार. पेठेतल्या निम्म्या वाड्यांतून शनिवारवाड्याला भुयार जातं, असं सांगतात. तुम्हाला दाखवतील ते तळघर असेल, धान्याचं पेव असेल किंवा पाण्याचा नळ असेल. कात्रजच्या नळाची बांधीव वाट काही ठिकाणी माणूस आत शिरेल एवढी मोठी आहे, त्यामुळे तिला भुयार समजणारा माणूस खोटं बोलत नसतो. तुम्ही उजव्या पानावर एवढंच लिहा: तोंडाचं माप, दिशा, आत चुन्याचा लेप आहे का, आणि तळाला उतार आहे का. चुन्याचा लेप आणि उतार दोन्ही असतील तर तिथून पाणी वाहत होतं.

सावधान: पेवात, आडात किंवा अशा नळात उतरू नका. बंद जागेत साचलेल्या हवेने माणसं मेली आहेत. बॅटरी आणि फोनचा कॅमेरा दोरीने खाली सोडला तरी पुरतं.

शेवटी पातळ्या. रस्त्यावरून चौकात दोन पायऱ्या खाली उतरावं लागत असेल तर चौक खचला असं लिहू नका. बहुधा रस्ता वर आला आहे. जोत्याचे किती थर जमिनीत गाडले गेलेत ते मोजा.

तपासून घ्या: चौकाचा आराखडा एका पानावर आला का? त्यावर उत्तर दिशा, सगळे खण, दिंडी दरवाजा, आड किंवा हौद, तुळशी वृंदावन, जिने आणि बंद केलेली दारं दाखवली आहेत का? बुजवलेल्या दारांच्या चौकटी नीट दाखवा. वाटणी कुठून झाली, ते बुजवलेलं दार सांगतं.

३. माणसांशी बोला, पण सालं विचारू नका

“हे कधी झालं?” असं विचारलं की माणूस गोंधळतो किंवा अंदाजाने एक साल सांगून टाकतो, आणि ते साल मग पुढच्या प्रत्येक लेखात छापलं जातं. सालाऐवजी घटना विचारा. पुण्यात त्यासाठी पक्के खुंट आहेत: गांधीहत्येनंतरची जाळपोळ (१९४८), पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. “मागची पडवी पाडली ती पानशेतच्या आधी की नंतर?” याचं उत्तर चटकन आणि खात्रीने येतं.

शनिवार पेठेतल्या एका चौकात मी ऐंशी पार केलेल्या आजींना विचारलं, “आजी, पुराचं पाणी आत आलं होतं का हो?” त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, तिसऱ्या खांबापाशी गेल्या आणि छातीच्या उंचीवर बोट ठेवलं. “इथवर. आमची कागदांची पेटी खालच्या फडताळात होती.” त्या बोटाखाली लाकडाचा रंग खरंच बदललेला होता. माझ्या वहीत ते एकच वाक्य दोन्ही पानांवर आहे. त्या वाड्याची १९६१ पूर्वीची खासगी कागदपत्रं का मिळत नाहीत, तेही त्याच क्षणी कळलं. नदीकाठच्या पेठांत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

प्रत्येक बिऱ्हाडाशी वेगळं बोला. मालकाला मालकी आठवते, भाडेकरूला वापर आठवतो. चौकात पापड कुठे वाळत, आडावर पाणी भरायचा क्रम कसा होता, मंगळागौर कुठल्या ओसरीवर जागवत, कोणाला आत यायची मुभा होती आणि कोणाला दिंडीतूनच परत जावं लागे, हे मालकाच्या कागदात नसतं. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तो टाळला तर चौकाचा अर्धा इतिहास बाहेरच राहतो. परसातून मागच्या बोळात उघडणारं दार कोण वापरत होतं, हेही विचारा.

जुन्या भाडेपावत्या आहेत का ते पाहा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर पावती म्हणजे बिऱ्हाडाचा जीव, त्यामुळे लोकांनी त्या जपलेल्या असतात. पावतीवर मालकाचं नाव, खोलीचं वर्णन आणि महिना असतो. पावत्यांवरचं मालकाचं नाव बदललं, तो महिना टिपून ठेवा.

सावधान: मालक-भाडेकरू वादातलं एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला सांगू नका. कुणाच्याही कागदाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. एकदा विश्वास गेला की त्या चौकाचं दार बंद होतं, तुम्हालाही आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही.

४. कागद, नव्याकडून जुन्याकडे

आता कुठे कार्यालयात जायचं.

मिळकत पत्रिका आधी काढा. ती महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही मिळते. तीत क्षेत्र, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते), हक्काचा मूळ धारक आणि खाली तारीखवार फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, असतात. फेरफार खालून वर वाचा, म्हणजे आजच्या मालकापासून मागे जाता येईल. प्रत्येक फेरफारापुढे कारण असतं: वारस, खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र. एका कागदावर तारखा, नावं आणि कारणं अशी साखळी लिहीत जा. कडी तुटलेली दिसली तर तिथे मोठं प्रश्नचिन्ह टाका आणि तुटलेली कडी अंदाजाने जोडू नका.

‘हक्काचा मूळ धारक’ या शब्दांनी फार लोक फसतात. ज्याने वाडा बांधला तो मूळ धारक, असं ते समजतात. तो फक्त नगर भूमापनाची चौकशी झाली तेव्हाचा धारक आहे. वाडा त्याआधी शंभर वर्षं उभा असू शकतो. चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. धारकाने हक्क कोणत्या आधारावर सांगितला ते तिथे कळू शकतं, आणि तिथे एखाद्या जुन्या खरेदीखताची तारीख असेल तर तुम्हाला पुढची कडी मिळाली.

दुसरं ठिकाण दुय्यम निबंधकांचं कार्यालय, जिथे दस्त नोंदवले जातात. इथे सूची क्रमांक दोनवरून, म्हणजे ‘इंडेक्स टू’वरून, दस्त शोधतात. अलीकडच्या वर्षांचा शोध संगणकावर होतो, जुन्या सूच्या हस्तलिखित बाडांत असतात आणि त्यांना वेळ द्यावा लागतो. साखळीतली तारीख हातात असेल तर अर्ध्या दिवसात दस्त मिळतो. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर आठवडा गेला तरी मिळत नाही.

खरेदीखतापेक्षा वाटणीपत्राला मी जास्त महत्त्व देतो. खरेदीखत वाडा बाहेरून सांगतं, वाटणीपत्र तो आतून सांगतं. कोणत्या भावाला कोणते खण, माजघर कोणाचं, जिना कोणाचा, आणि मग एक ओळ: चौक, आड आणि जाण्यायेण्याचा बोळ सामाईक. ही ओळ सापडली की तुमचा आराखडा शेजारी ठेवा आणि एकेक खण रंगवत जा. बुजवलेली दारं कोणाच्या हद्दीवर आहेत, ते इथे उलगडतं. भावांत दावा झाला असेल तर निकालाला जोडलेला नकाशा शोधा. त्या वर्षीचा चौक कसा होता, याचं ते जवळजवळ छायाचित्रच असतं.

महापालिकेच्या आकारणीच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर मजल्यांची संख्या आणि वापर पाहा. पुण्याची नगरपालिका १८५७ ची आणि महानगरपालिका १९५० ची, तेव्हा कागदावरच्या शिक्क्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी टिपा, पण यादीत कुठलं साल दिलं असेल तर तो पुरावा मानू नका. ते साल कुठून आलं हे शोधणं तुमचंच काम आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ मध्ये निघालेला पुणे शहराचा भाग या टप्प्यावर वाचा. त्यात पेठवार वर्णनं आणि नळांची माहिती आहे. पेठांची जुनी नावंही इथे लक्षात ठेवा, कारण याच्या मागे गेलात की तीच लागतात. आजची गुरुवार पेठ तेव्हा वेताळ पेठ, नाना पेठ म्हणजे हनुमंत पेठ, रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी. शोधताना आजचंच नाव धरून बसलात तर समोर असलेला कागदही दिसत नाही.

तपासून घ्या: साखळीतल्या प्रत्येक दस्ताची चतुःसीमा तुमच्या पहिल्या पानावरच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहा. शेजारी बदलतात, पण चारही एकदम बदलत नाहीत. चारांपैकी निदान दोन बाजूंचा दुवा लागत नसेल तर तो दस्त बाजूला ठेवा, कितीही मोहक असला तरी.

५. मोडी आणि तारखा

साखळी इथवर विनातुट आली तरच पुराभिलेखागाराची वाट धरा. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि कोणता रुमाल मागायचा हे तुम्हाला सांगता यायला हवं. पेठ, अंदाजे वर्षं आणि धारकाचं नाव, या तिन्ही गोष्टी घेऊन जा. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारा. १९१० पासून तिथे घराण्यांची दफ्तरं जमत आली आहेत.

मोडी स्वतः शिकलात तर उत्तम. नसेल शिकायची तर वाचणाऱ्याला नुसता कागद देऊ नका, चतुःसीमा आणि शेजाऱ्यांची नावंही द्या. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे आडनाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतं. कागदाचं लिप्यंतर ओळीला ओळ असं करून मागा, ‘सारांश’ मागू नका. सारांशात ‘मजकूर’ आणि ‘मशारनिल्हे’ (दोन्हींचा अर्थ ‘वर सांगितलेला’) गळतात, आणि नेमका हा ‘मजकूर’ कोण यावरच सगळं अडलेलं असतं.

तारखांत सर्वाधिक चुका होतात. एका कागदावर शक, दुसऱ्यावर फसली (महसुलाचं वर्ष), तिसऱ्यावर सुहूर सन (मराठी दफ्तरांतली अरबी शब्दांत लिहायची कालगणना). इसवी सन काढायचे ढोबळ नियम असे:

- शकात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन यांतली जी तिथी जानेवारी उलटल्यावर येते, तिला ७९.
- दक्षिणेतल्या फसलीत ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धाला, म्हणजे जानेवारीपासून पुढे, ५९१.
- सुहूर सनात ५९९ मिळवा, उत्तरार्धाला ६००. फसली आणि सुहूर दोन्ही वर्षं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतात.

सुहूर सन आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो आणि एककापासून वाचायचा असतो. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६३. त्यात ५९९ मिळवले की १७६२ चा पावसाळा ते १७६३ चा उन्हाळा. ‘सलास’ म्हणजे तीन आणि ‘सलासीन’ म्हणजे तीस. शेवटचा ‘ईन’ पुसट झाला की सत्तावीस वर्षांचा फरक पडतो. तारखेआधी येणारा ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याचा दिवस असतो.

शक आणि संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं) नाव दोन्ही दिलेले असतील तर पडताळा सोपा आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रम. शक १६८४ घ्या: १६९६ ला ६० ने भागलं की बाकी १६, आणि सोळावा संवत्सर चित्रभानू. कागदावर शक १६८४ पुढे दुसरंच नाव असेल तर वाचणाऱ्याचा एखादा आकडा चुकला आहे, किंवा कागद नंतरची नक्कल आहे.

सावधान: मूळ कागद आणि नक्कल यांत फरक करा. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली तेव्हा लोकांनी जुन्या कागदांच्या नकला सादर केल्या. नक्कल खोटीच असते असं नाही, पण नकलेवरून वाड्याचं वय ठरवताना दुसरा आधार हवाच.

६. तिन्ही धागे जुळवणं

एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: चौकाने सांगितलेलं, माणसांनी सांगितलेलं, कागदांनी सांगितलेलं. डावीकडे वर्षं, वर आजचं, खाली जुनं. आता वही उघडून भरत जा.

तिन्ही रकान्यांत जे जुळेल ते शाईने लिहा. दोनांत जुळेल ते पेन्सिलीने. एकाच रकान्यात असेल ते पेन्सिलीने, आणि पुढे स्रोताचं नाव. बहुतेक वाड्यांत शाईची नोंद फार तर दहा-बारा ओळींची होते. तेवढी पुरे.

रकाने एकमेकांशी भांडतात तिथे थांबा, कारण मोलाच्या गोष्टी तिथेच निघतात. एका वाड्यात सगळे सांगत होते की मागचा चौक पुरात पडला. वाटणीपत्र १९३० च्या दशकातलं होतं आणि त्यात मागचा चौक नव्हताच, फक्त ‘पडीक जागा’ होती. मग पाडला कोणी, कधी? उत्तर चौकातच होतं: पुढच्या चौकाच्या एका बाजूला रिकाम्या खाचांचे चार खांब. मागचा चौक आधीच उतरवून त्याच्या लाकडावर पुढची बाजू दुरुस्त केलेली होती. पुराने गेलं ते त्या पडीक जागेवर नंतर उभारलेलं पत्र्याचं छप्पर. आठवण खोटी नव्हती, ती दुसऱ्या गोष्टीची होती.

इथे सगळ्यात मोठा मोह असतो तो प्रसिद्ध माणसाचा किंवा घटनेचा. ‘अमुक थोर पुरुष इथे उतरले होते’, ‘प्लेगात साहेबाचे शिपाई या चौकात शिरले होते’. १८९७ मध्ये प्लेगच्या झडत्या पेठापेठांत झाल्या, त्यामुळे दुसरं अगदी शक्य आहे. पण पेठेत झालं आणि या चौकात झालं, यांत अंतर आहे. या चौकाचा आधार नसेल तर वाक्य ‘पेठेत’ एवढ्यावरच संपवा.

७. लिहिणं आणि परत देणं

लिहिताना आजपासून मागे गेलात तसंच लिहा, निदान पहिल्या खर्ड्यात. जुन्यापासून लिहायला घेतलं की रिकाम्या जागा नकळत भरल्या जातात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात एक अक्षर घाला: ‘चौ’, ‘मा’ किंवा ‘का’. अक्षर घालता येत नसेल ते वाक्य काढा. हयात माणसांची नावं, वाट्यांच्या रकमा आणि चालू दाव्यांचा तपशील लिहू नका. चौकाचा इतिहास सांगायला तो लागत नाही.

खर्डा कुठेही प्रसिद्ध करण्याआधी छापील प्रती वाड्यात द्या. अक्षर मोठं ठेवा आणि उजवीकडे चार बोटं समास सोडा. प्रत्येक बिऱ्हाडाला एक प्रत आणि सोबत एक पेन्सिल. पंधरा दिवसांनी जाऊन प्रती गोळा करा. शनिवार पेठेतल्या त्या आजींची प्रत परत आली तेव्हा चौथ्या पानाच्या समासात थरथरत्या अक्षरात एकच ओळ होती: “पेटी फडताळात नाही, कोनाड्यात होती. आत्ता आठवलं.” ती दुरुस्ती डाव्या पानावर तारखेसह चढवली.